खांद्यातला कापूस

सालेकसा
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

कोट मी शिवला आणि फोटोखाली नाव सावित्रीबाईचं काऊन?

नंदाच्या फोनवर पाह्यलं मी. नंदा तुझी माय असली, माझी सून असली, तरी आधी ती सावित्रीबाईची लेक आहे. म्हणून मोठ्या हौसेनं दाखवलं. चित्रकथावाल्यायच्या मेळ्यात तू सोंग घेऊन उभी, काळा कोट, कंबर आवळलेली, हनुवटी वर. खाली लिहिलं होतं, "कोट : माझी नानी". मी दोनदा वाचून घेतलं. मग चष्मा लावून स्वतः वाचलं. चौथीच शिकली म्हणून काय मले 'नानी' वाचता येत नाही?

तुझ्या नानीले सुईत दोरा ओवता येत नाही. ब्लाउजचं हूक तुटलं होतं तर आख्खं लग्न पिन लावून मिरवली. नागपूरची बाई.

बरं. दामिनीले आजीचा आशीर्वाद. नागपुरात नानीजवळ खुशाल असशील.

कोट कसा झाला ते आठव जरा. दिवाळीत तू आली आणि फोनवर तो कप्तान दाखवला. जपानी लोकायनं चित्रकथेत चितारलेला. पांढरे केस, पांढरे हातमोजे, आणि तोंड असं का जसं जगातलं काहीच त्याच्या पसंतीचं नाही. म्हणाली, आजी, मेळ्यात मले हाच व्हायचं आहे. त्याचं चित्र तू माझ्या मशीनीच्या वर चिकटवलं. जागा पुरली नाही म्हणून आजोबाचा फोटो एक खिळा बाजूले सरकवला. ज्या माणसानं चाळीस वर्षं लोकायच्या लग्नात क्लॅरनेट वाजवली, त्याले एका चितारलेल्या पोट्ट्यासाठी सरकावं लागलं. तरी मी सरकू दिलं. तू चार दिवस माझ्या मशीनीजवळ बसली होती. पाच वर्षांत पहिल्यांदा. एरवी दिवाळी झाली का दुसऱ्या दिवशी तुले नानीच्या घरचा पंखा आठवते.

कापड मी गोंदियाहून आणलं. बटनं बाजारातली नाहीत. तुझ्या आजोबाच्या बँडच्या कोटाची आहेत, पितळी, बारा. खांद्यावरची डोरीही त्याचीच. तो कोट मी पेटीतून काढला आणि उसवला. हे तुले तेव्हा सांगितलं नाही, आता सांगून राहिली, काऊन का आता ते सावित्रीबाईच्या नावावर चढलं आहे.

आख्ख्या तालुक्यातल्या बँडपार्ट्यायचे कोट शिवता शिवता माझी बोटं वाकली. म्हणूनच तू माझ्याकडं आली. नाहीतर तुझ्या नानीच्या गल्लीत टेलर कमी आहेत का?

नाव बदल. आजच. आणि हे पत्र सावित्रीबाईले वाचून दाखवायचं नाही. मी पाठवलेली लाखोळीची डाळ तिनं कामवालीले देऊन टाकली, हे मले माहीत आहे. माझं पत्र तरी तिच्या हाती नको.

तुझी आजी देवकाबाई

सालेकसा
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

पत्राले उत्तर नाही, फोन उचलत नाही. नंदाचा उचलते. म्हणजे फोन बिघडला नाही, मी बिघडली.

नंदा दोन दिवसांपासून नाक पुसून राहिली आहे. आधी सांगेना. मग भात वाढता वाढता सांगितलं. त्या फोटोखाली लोकं भांडून राहिले म्हणे. तुझ्या कॉलेजातल्या प्रियानं सुरुवात केली. तिनं लिहिलं का हा जर्मनीच्या त्या लोकायच्या वर्दीचा कट आहे, ज्यायनं लाखो माणसं गाडीत कोंबून मारायले नेली. जपानी चित्रकथेत नाव बदललं, देश बदलला, म्हणून कोट बदलत नाही. हीच प्रिया दिवाळीच्या आधी तुझ्या खोलीत जेवून गेली होती ना? असो. खरं बोलायले भरलं पोट आड येत नाही.

मग बाकीचे आले. एक म्हणते, नुसतं चित्र आहे, एवढं काय. दुसरा म्हणते, कथेत कप्तान वाईटच दाखवला आहे, शेवटी मरते. तिसरा म्हणते, वाईटाले एवढं देखणं काढायचंच कायले. एका शहाण्यानं लिहिलं का त्यायची खूण तर आपलं स्वस्तिकच आहे, मग लाज कशाची. त्याले सांग, माझ्या धानाच्या कोठीवरही स्वस्तिक आहे, दर साली कुंकवानं काढतो. ते पाहून उंदीरही घाबरत नाही. आणि तुझ्या कोटावर तर ती खूणच नाही, दंडावर काहीतरी कावळ्याच्या पायासारखं आहे. तरी लोकं दचकले. म्हणजे खुणेनं दचकले नाहीत, कोटानं दचकले. एवढं मले कळते.

नंदानं सांगितलं का लोकायनं तुझ्या नानीलेही सोडलं नाही. "असला कोट शिवताना हात थरथरला नाही का?" असं लिहिलं.

खरं सांगू? त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवली. घ्या म्हटलं, विहीणबाई. नाव पाहिजे होतं ना.

मागच्या पत्रात नाव बदलायले सांगितलं होतं, त्याची आता घाई करू नको. लोकायचा राग उतरू दे.

मले तर यातलं काही समजत नाही. जर्मनी कोणत्या बाजूले आहे तेही माहीत नाही. तू चित्र दाखवलं, मी माप घेतलं, शिवलं. मले कोणी काही सांगितलं नव्हतं.

आजी

सालेकसा
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

तुझ्या नानीनं मुद्दाम केलं. माझ्या पुढं जायची तिले सवयच आहे.

तुझं पत्र आलं. दोन पानं, तुझ्या हातची. जन्मात पहिल्यांदा तू मले कागदावर लिहिलं, आणि त्यातलं एक पान सावित्रीबाईचं कौतुक. नंदाले मी वाचू दिलं नाही. तूर वाळत घातली होती, तिच्याजवळ बसून वाचलं.

तर मेळ्याच्या दिवशीच प्रिया तुले बाजूले घेऊन बोलली होती. तुले रडू आलं. घरी जाऊन तू फोटो टाकायचा का नाही म्हणून बसली, आणि सावित्रीबाई म्हणाली, "टाक, आणि खाली माझं नाव लिही. कोणी काही बोललं तर माझ्याकडं येतील. देवकाबाई खेड्यात राहते, तिचं नाव कशाले मधात." वा. आणि मी इथं आठ दिवस जळून राहिली का माझी कमाई तिनं खाल्ली. तिनं तर मार खाल्ला. माझ्या नावचा मार. तोही तिनंच घेतला, मले विचारलं नाही. तुझ्या कपाळावरचं ऊन अडवायचं असंल तर तो हातही तिचाच पाहिजे.

तिले म्हणाव, खेड्यात राहणाऱ्या बाईले कातडी असते. जाडच असते.

आता तुझं. तू लिहिलं का आजी, कथा पूर्ण वाचल्याशिवाय लोकं बोलतात. कप्तान वाईट आहे, शेवटी त्याले फळ मिळते. जपानी लोकं त्या लढाईत जर्मनीच्याच बाजूनं होते, हरले, त्यायच्या गावायवर बॉम्ब पडले, म्हणून ते पुन्हा पुन्हा तेच चितारतात, जसं जीभ पडक्या दाताकडं जाते. हे तू चांगलं लिहिलं. पडक्या दाताचं मले पटलं.

पण एक सांग. तो शेवटी मरते म्हणतेस. मरताना त्याच्या अंगात कोट असंलच ना? फाटका, मातीचा, रक्ताचा. तो तू मले शिवायले नाही सांगितला. तू नवा सांगितला, इस्त्रीचा. आरशासमोर उभी राहून तू काय म्हणाली होती? "आजी, मले कोणाची भीतीच वाटत नाही यात." मी टाचण्या तोंडात धरून बसली होती, म्हणून बोलली नाही.

आणि त्या मेळ्यात एवढी सोंगं येतात, त्यात चांदणीवाल्या कोटाचं सोंग कोणी घेते का? नाही घेत. त्यात कोणाले ऐट वाटत नाही.

पंधरा तारखेले कॉलेजात या कोटावर सगळ्यायसमोर तुले बोलायचं आहे, म्हणे. तू लिहिलं का मी सांगणार, कोट शिवणारी म्हातारी बाई आहे, तिले काही माहीत नव्हतं, आमच्या घरी सगळं अजाणतेपणी झालं. तसं सांगितलं का लोकं शांत होतील, असं सावित्रीबाई म्हणते.

सांग मग. मी काय बोलू.

पुढं लिहवत नाही. तूर पालटायची आहे.

आजी

सालेकसा
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

नंदाच्या फोनवर निरोप कायले पाठवला? तिनं आधी वाचला, मग मले दाखवला, मग माझ्या तोंडाकडं पाहत उभी राहिली.

"आजी, चांदणीचं तुला कोणी सांगितलं? मी तर काही लिहिलं नव्हतं." एवढंच लिहिलं तू. वकील व्हायची होती, चित्र काढून राहिली.

मग ऐक.

मले माहीत होतं.

डिसेंबरात केशोराव गुरुजी शर्टाची कॉलर उलटून घ्यायले आले. रिटायर झाले तरी कॉलर कडक लागते त्यायले. तुझा कोट खुंटीवर होता, बाह्या लावायच्या बाकी होत्या. गुरुजी बसले नाहीत. विचारलं, हा कोणत्या बँडपार्टीचा? मी म्हटलं, नातीचा आहे, सोंग घ्यायचं आहे तिले. ते कोटाच्या भोवती एक चक्कर मारून निघून गेले. कॉलरचं बोललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी जाडं पुस्तक घेऊन आले आणि मशीनीवर उघडलं. पहिल्या फोटोत साहेबं उभे होते, असेच कोट. मी म्हटलं, शिलाई एक नंबर आहे. गुरुजीनं पान उलटलं. त्यात बायामाणसं आणि लेकरं, हातात गाठोडी, मागं मालगाडीचा डबा. सगळ्यायच्या कोटावर छातीशी एकेक चांदणी. गुरुजीनं सांगितलं का ती शिवून घ्यायचा हुकूम होता, कोणाले न्यायचं ते दुरून दिसावं म्हणून. शिवून घेतली, आणि मग नेलं, आणि मारलं. "देवकाबाई, हे करणाऱ्यायचा हा कोट आहे," असं म्हणून त्यायनं खुंटीकडं बोट केलं.

एक पोरगी फोटोत अगदी पुढं होती, जवळून काढलेली. सात-आठ वर्षांची. मी तिच्या चांदणीकडं पाहत राहिली. धावदोरा होता. बारीक, सारखा. सहा टोकं होती, आणि सहाही आत दुमडून शिवलेली. चांदणीचं टोक आत दुमडणं किती किचकट असते ते मले विचार. कापड गोळा होते, टोक बोथट होते. ज्या बाईनं शिवलं तिनं घाई केली नव्हती. माय असंल तिची. हुकूम होता म्हणून शिवली, पण पोरीच्या कोटावर वाकडी दिसू नये म्हणून नीट शिवली.

गुरुजी म्हणाले, नातीले कळवा. मी म्हटलं, कळवतो.

त्याच दिवशी दुपारी तुझा फोन आला. तू म्हणाली, "आजी, झाला नसंल तर राहू दे. नानी म्हणते इथल्या टेलरकडून करून घेऊ." मी म्हटलं, झालाच समज. फोन ठेवला आणि बाह्या लावायले बसली.

एवढीच गोष्ट आहे. मी सांगितलं असतं तर तू कोट सोडला असता, किंवा रागावून नानीच्या टेलरकडं गेली असती. दोन्हीकडून तू माझ्याजवळून उठून जात होती. मले ते नको होतं. मी त्या पोरीची चांदणी पाहून आली होती, तरी मशीन चालवली.

आणि अजाणतेपणी म्हणू नको, काऊन का मले गुरुजीपेक्षा जास्त माहीत होतं. गुरुजीले इतिहास माहीत आहे, मले कोट माहीत आहे.

आजोबाच्या पार्टीत भूपेंद्र होता, मोठा ढोल वाजवायचा. शेळी आडवी आली तर तो वळसा घालून जाणारा माणूस. एका लग्नसराईत मी सगळ्यायले नवे लाल कोट शिवले. खांद्यात बकरमचं कडक कापड, त्यावर कापसाची गादी, कंबर आवळलेली. पहिल्याच वरातीत भूपेंद्रनं डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्या बाईले कोपरानं ढकललं. "हट बाजूले," म्हणाला. बाई पडली, दिवा फुटला. घरी आल्यावर तोच भूपेंद्र ओट्यावर बसून म्हणते, "वहिनी, मले काय झालं ते मलेच समजलं नाही." दुसऱ्या दिवशी मी त्याचा कोट मागून घेतला, खांदे उसवले आणि आतला कापूस काढून टाकला. मग त्यानं वीस वर्षं ढोल वाजवला, कोणाले धक्का नाही लागला.

तर मले हे माहीत आहे. खांद्यात कापूस भरला का माणसाले वाटते हे खांदे आपलेच आहेत. तुझ्या कोटात मी दुप्पट भरला. तू आरशात पाहून हसावी, आणि सावित्रीबाईच्या टेलरले तसं जमू नये, म्हणून.

बँडवाला सकाळी कोट काढते, पंगतीच्या शेवटी बसते, उरलेलं जेवते. म्हणून त्याची ऐट कोणाले महाग पडत नाही. ज्यायले तो काढावाच लागत नाही, त्यायचं काय होते ते गुरुजीच्या पुस्तकात आहे. आमच्या या जंगलाच्या पट्ट्यात वर्दीवाले दारात आले का लोकं आधी लेकरायले आत घेतात, मग विचारतात कोणत्या बाजूचे, पोलीस का नक्षली. मी हे पाहून म्हातारी झाली आणि तरी तुझ्या मापाची वर्दी शिवली. कप्तानाचा मले राग होता, त्यानं माझ्या नवऱ्याले खिळ्यावरून सरकवलं, माझ्या नातीले फोनमधी बसवून ठेवलं. पण त्याचा कोट मी त्याच्यापेक्षा चांगला शिवला.

आता सांगतो तसं कर.

पंधरा तारखेले कोट घालून जाऊ नको. फेकूही नको, जाळूही नको. उलटा कर आणि सगळ्यायसमोर टेबलावर ठेव, अस्तर वर. खांद्याची शिवण उसव, मी शिकवली तशी, ब्लेडनं नाही, उसवणीनं. कापूस बाहेर काढ. बकरम दाखव, कच्चे टाके दाखव. प्रियाले पुढं बसव. जो म्हणते नुसतं चित्र आहे, त्यालेही बसव. त्यायले पाहू दे का ही ऐट कशाची बनते आणि किती मेहनतीनं बनते. चित्र काढणाऱ्यायनंही एवढीच मेहनत केली असंल. मेहनत केली म्हणून कोणी सुटत नाही. मीही नाही.

मग सांग का हा कोट देवकाबाई मुन्नालाल हिनं शिवला, राहणार सालेकसा, आणि शिवताना तिले माहीत होतं. 'अजाणतेपणी' म्हणायचं नाही. म्हातारी म्हणायचं नाही. लोकायले बोलू दे. माझ्या वाट्याचं मी ऐकतो.

बटनं बारा आहेत, मोजून परत पाठव. तुझ्या आजोबाचा फोटो मी पहिल्या खिळ्यावर आणला. कप्तानाचं चित्र फाडलं नाही, घडी करून तुझ्या उशीखाली ठेवलं. येशील तेव्हा तूच ठरव त्याचं.

आणि आता हे पत्र सावित्रीबाईले वाचून दाखव. मागची तिन्हीही. डाळीचं, पिनीचं, मी दोन घास जास्त जेवली त्याचं, सगळं. मधात गाळायचं नाही.

विहीणबाई, एक विचारतो. दामिनीनं तुमचं नाव लिहिलं तेव्हा तुम्हाले ठाऊक होतं का हा कोट कोणाच्या वर्दीचा आहे? ठाऊक नसताना ढाल झाल्या असाल तर तुम्ही माझ्यापेक्षा भोळ्या. ठाऊक असून झाल्या असाल, पोरगी आपल्याजवळून उठून जाऊ नये म्हणून, तर आपण दोघी एका पाटावरच्या.

दामिनी, तू मधात पडू नको, मले तुझं उत्तर आता नको. उत्तर सावित्रीबाईनं द्यावं. फोनवर नाही, नंदाच्या तोंडून नाही. कागदावर, आपल्या हातानं, चष्मा लावून.

देवकाबाई